तारखा ऑफिसात, गाड्या रस्त्यावर

पनवेल सोडून थोडं पुढं आलं की पळस्पे फाटा लागतो. जुना मुंबई-पुणे रस्ता इथून खोपोलीकडं निघतो, गोव्याचा रस्ता कर्नाळ्यावरून पेणकडं वळतो आणि न्हावा-शेव्याकडून येणारे कंटेनरचे ट्रेलर याच भागात मोठ्या महामार्गांना मिळतात. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. त्यानंतर या पट्ट्यात गोदामं, कंटेनर यार्ड, गॅरेज, टायरची दुकानं आणि ट्रान्सपोर्टची ऑफिसं उभी राहत गेली. त्यातलं दहा-पंधरा गाड्यांचं एखादं ऑफिस डोळ्यांसमोर आणा. तिथलं सगळं काम तारखांवर चालतं.

प्रत्येक गाडीचं फिटनेस, परमिट, विमा आणि पीयूसी यांची मुदत वेगळी. मालगाडी आठ वर्षांची होईपर्यंत फिटनेस दोन वर्षांनी करायचं, पुढं दरवर्षी. रिकामा कंटेनर परत करायला शिपिंग लाइननं दिलेले फ्री डेज असतात, ते उलटले की डिटेंशनचा दंड चढायला लागतो. ई-वे बिलाचं तर तासांवर येतं. १ जानेवारी २०२१ पासून साध्या मालगाडीला दर २०० किलोमीटरला एक दिवस असा हिशेब आहे. बंगळूरचा माल भरला तर अंतर नऊशेच्या वर, म्हणजे पाच दिवस. गाडी वाटेत बिघडली तर ही मुदत वाढवता येते, पण ती संपण्याआधीच्या आठ तासांत किंवा संपल्यानंतरच्या आठ तासांतच. ती वेळ रात्री दोनची असू शकते.

या तारखा बहुतेक ठिकाणी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, ईमेलच्या सॉफ्टवेअरमधल्या कॅलेंडरात नोंदलेल्या असतात. ड्रायव्हर, मेकॅनिक, पार्टी, यार्डातला माणूस यांचे नंबरही तिथंच. आणि रात्री दोन वाजता ज्याला यातलं काही हवं असतं त्याच्या हातात फक्त मोबाईल असतो. म्हणून सिंक लागतं. आउटलूक किंवा थंडरबर्डमधलं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट क्लाउडवर गेले पाहिजेत, तिथून मोबाईलवर उतरले पाहिजेत आणि मोबाईलवर केलेला बदल उलट्या वाटेनं ऑफिसात पोचला पाहिजे. माझं म्हणणं एकच आहे. हे चालू करण्याआधी मूळ प्रत कुठं राहणार ते ठरवा. ते न ठरवता कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं, फुकटचं असो की पैशाचं, तरी गोंधळ होतोच. का होतो, ते समजून घेण्यासारखं आहे.

आधी हे बघू की तारखा एका कॉम्प्युटरमध्ये कोंडल्या का जातात. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी, मिनिटामिनिटाचा खर्च. त्या काळात शहाणपण यातच होतं की लाइन जोडायची, टपाल उतरवून घ्यायचं, लाइन तोडायची आणि मग निवांत वाचायचं. पॉप नावाची पद्धत यासाठीच बनलेली. ती सर्व्हरवरचं टपाल आपल्या कॉम्प्युटरवर आणते आणि एरवी सर्व्हरवरची प्रत काढून टाकते. टपाल आपल्या घरी, सर्व्हर नुसता डाकघरासारखा. आउटलूकची ‘पीएसटी’ फाइल याच विचारातून आलेली आहे. टपाल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, कामांची यादी असं सगळं एकाच फाइलमध्ये, आपल्याच हार्ड डिस्कवर. आउटलूक २००२ पर्यंत ती फाइल दोन जीबीच्या वर वाढू शकत नव्हती. २००३ मध्ये ती मर्यादा वाढली आणि त्याच वेळी फाइलमध्ये युनिकोड आलं. म्हणजे मराठी नावं नीट साठवता येण्याची सोयही तिथूनच.

पुढं आयमॅप पद्धत सगळीकडं रुळली, टपाल सर्व्हरवर राहू लागलं आणि ते मोबाईलवरही दिसू लागलं. इथं मोठा गैरसमज होतो. जीमेलचा अकाउंट आउटलूकला जोडला, मेल दोन्हीकडं दिसते, तेव्हा कॅलेंडरही जोडलं गेलं असणार, असं माणूस धरून चालतो. पण आयमॅपला कॅलेंडर ठाऊकच नाही. ती फक्त टपालाची भाषा आहे. जुन्या पठडीतल्या आउटलूकमध्ये आयमॅपचा अकाउंट जोडून डाव्या बाजूची यादी पाहा. ‘कॅलेंडर’ आणि ‘कॉन्टॅक्ट्स’ या नावांपुढं बारीक अक्षरांत ‘धिस कम्प्युटर ओन्ली’ असं लिहिलेलं दिसेल. ते तीन शब्द वर्षानुवर्षं समोर असतात, कुणी वाचत नाही. डिस्क गेली की मग वाचले जातात.

आता खुद्द सिंककडं वळू. दोन ठिकाणच्या याद्या सारख्या करायच्या, एवढंच काम दिसतं. नवी नोंद इकडून तिकडं नेणं सोपं आहे. अवघड आहे ते पुसलेल्या नोंदीचं. समजा, दोन दुकानांत एकाच व्यवहाराची एकेक वही आहे आणि महिन्यातून एकदा त्या ताडून पाहायच्या आहेत. पहिल्या वहीत एक नाव आहे, दुसऱ्या वहीत नाही. याचा अर्थ काय? पहिल्या दुकानात ते नवीन लिहिलं गेलं, की दुसऱ्या दुकानात ते खोडलं गेलं? नुसत्या दोन वह्या पाहून उत्तर मिळत नाही. गेल्या वेळी ताडून पाहिलं तेव्हा दोन्हीकडं काय होतं, याची तिसरी नोंद लागते. सिंक करणारं प्रत्येक सॉफ्टवेअर अशी तिसरी वही गुपचूप ठेवत असतं. गेल्या खेपेला होतं आणि आता एका बाजूला नाही, तर पुसलं गेलं. गेल्या खेपेला नव्हतं आणि आता आहे, तर नवं आलं.

सिंकचे निम्मे घोटाळे या तिसऱ्या वहीच्या नादुरुस्तीतून होतात. कॉम्प्युटर फॉरमॅट झाला, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं किंवा प्रोफाइल नवीन केलं की ती वही जाते. मग दोन्हीकडच्या साऱ्या नोंदी सॉफ्टवेअरला ‘नव्या’ वाटतात. ते इमानानं इकडच्या तिकडं आणि तिकडच्या इकडं उतरवतं आणि प्रत्येक ड्रायव्हर दोनदा दिसायला लागतो. उलट बाजूही आहे. वही शाबूत आहे आणि कुणी एक बाजू रिकामी केली, तर सॉफ्टवेअर समजतं की मालकानं सगळं पुसलं. तेही इमानानं दुसरी बाजू रिकामी करतं. सिंक म्हणजे बॅकअप, असं समजणाऱ्यांचं सर्वांत मोठं नुकसान इथं होतं. बॅकअप जुनी प्रत जपून ठेवतो. सिंक मात्र ताजी अवस्था सगळीकडं पोचवतं, मग ती अवस्था चुकीची का असेना.

ज्यांच्याकडं नोकियाचा मोबाईल आणि पीसी सूटची केबल होती त्यांनी हे सगळं पाहिलेलं आहे. त्याआधी १९९६ मध्ये पाम पायलट आला. त्याच्या स्टँडवरचं एक बटण दाबलं की कॉम्प्युटरशी ताळमेळ व्हायचा. पण ही जोडी दोघांचीच असायची, एक कॉम्प्युटर आणि एक हातातलं यंत्र. आज एका नोंदीचे चार-पाच धनी असतात. ऑफिसातला पीसी, मालकाचा लॅपटॉप, दोन मोबाईल, शिवाय ब्राउझर. सगळ्यांनी सगळ्यांशी बोलायचं ठरवलं तर काही खरं नाही. म्हणून मध्ये एक सर्व्हर ठेवायचा आणि प्रत्येकानं फक्त त्याच्याशीच बोलायचं, ही रीत पडली.

या बोलण्याच्या भाषा खुल्या आहेत आणि त्या कुणा एका कंपनीच्या नाहीत, ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते. एक नोंद कशी लिहायची याचा नमुना म्हणजे आयकॅलेंडर. तो १९९८ मध्ये ठरला आणि २००९ मध्ये सुधारून ‘आरएफसी ५५४५’ या क्रमांकानं पुन्हा प्रसिद्ध झाला. आपल्याला ‘आयसीएस’ फाइल म्हणून दिसते ती हीच. माणसाच्या नावापत्त्याचा नमुना म्हणजे व्हीकार्ड, ‘व्हीसीएफ’ फाइल. या नोंदी सर्व्हरवर ठेवायच्या, शोधायच्या, बदलायच्या कशा, याचे नियम म्हणजे कॅलडॅव आणि कार्डडॅव. कॅलडॅव मार्च २००७ मध्ये प्रसिद्ध झालं, कार्डडॅव ऑगस्ट २०११ मध्ये. तेव्हा ॲपलमध्ये काम करणाऱ्या सायरस डाबू यांचं नाव या दोन्हींवर आहे.

कॅलडॅव कसं चालतं ते एका नोंदीपुरतं पाहू. एका ट्रेलरच्या फिटनेसची तारीख तुम्ही थंडरबर्डमध्ये घातली. थंडरबर्ड तिला एक लांबलचक खूणनंबर देतं, ‘यूआयडी’. तारीख बदलली, शीर्षक बदललं, वेळ बदलली तरी हा खूणनंबर बदलत नाही, आणि त्यामुळंच सगळ्या यंत्रांना कळतं की ही तीच नोंद आहे. नोंद सर्व्हरवर गेली की सर्व्हर तिच्यावर आपला शिक्का मारतो, ‘ईटॅग’. नोंद जितक्यांदा बदलेल तितक्यांदा शिक्का नवा. आता मोबाईलवरून कुणी ती तारीख पुढं ढकलली, तर सर्व्हरवरचा शिक्का बदलला. ऑफिसातल्या थंडरबर्डला हे अजून ठाऊक नाही, कारण ते एरवी अर्ध्या तासानं विचारपूस करतं. तेवढ्यात ऑफिसात कुणी त्याच नोंदीत टीप लिहिली. थंडरबर्ड ती सर्व्हरकडं पाठवताना सांगतं, ‘माझ्याकडं अमुक शिक्क्याची प्रत होती, तोच शिक्का असेल तरच हा बदल घे.’ शिक्का जुळत नाही. सर्व्हर ‘४१२’ या क्रमांकाचं उत्तर देऊन नोंद परत करतो. मोबाईलवरचा बदल वाचला.

दर वेळी साऱ्या नोंदी तपासत बसायला नको म्हणून २०१२ मध्ये आणखी एक भर पडली. सर्व्हर प्रत्येक भेटीच्या शेवटी एक टोकन देतो. पुढच्या वेळी ते दाखवलं की तेव्हापासून काय बदललं आणि काय पुसलं गेलं, एवढंच तो सांगतो. मघाची तिसरी वही आता बरीचशी सर्व्हरकडं गेली. टोकन फार जुनं झालं तर सर्व्हर ते नाकारतो आणि पहिल्यापासून सगळं उतरवून घ्यायला लावतो. बरेच दिवस बंद असलेला लॅपटॉप चालू केल्यावर कॅलेंडर भरायला इतका वेळ का लागतो, त्याचं एक कारण हे.

‘४१२’ आल्यावर पुढं काय, हे मात्र प्रमाण ठरवत नाही, सॉफ्टवेअर ठरवतं. काही सॉफ्टवेअर विचारतात, काही सर्व्हरचं खरं मानतात, काही शेवटचा बदल कुणाचा ते घड्याळावरून ठरवतात. घड्याळावरचा निवाडा दिसतो न्याय्य, पण ऑफिसातल्या जुन्या पीसीची मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपलेली असते, तारीख भलतीच असते आणि मग शिळी नोंद ताज्या नोंदीवर बसते. पीसीचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळतं आहे ना, हे सिंकच्या आधी पाहण्याची गोष्ट आहे.

कॉन्टॅक्टचं दुखणं वेगळं आहे. कॅलेंडरातल्या नोंदीला खूणनंबर असतोच असतो, व्हीकार्डला तो ऐच्छिक आहे. त्यामुळं बरीच सॉफ्टवेअर नाव आणि नंबर पाहून माणूस ओळखतात आणि आपण नंबर तीन तऱ्हांनी लिहितो. नुसते दहा आकडे, आधी शून्य लावून, किंवा ‘प्लस ९१’ लावून. माणूस एक, नोंदी तीन. नंबर सगळीकडं ‘प्लस ९१’ लावूनच लिहिले तर निम्मे डुप्लिकेट जन्मालाच येत नाहीत.

त्यात आपली नावं ठेवण्याची रीत. धंद्यातल्या फोनमध्ये माणसाचं आडनाव क्वचितच असतं. ‘दत्ता ट्रेलर पळस्पे’, ‘टायरवाला फाटा’, ‘यार्ड गेट रात्रपाळी’ अशी नावं असतात. ही पद्धत उत्तम आहे, कारण हवा तो माणूस तिच्यामुळं पटकन सापडतो. पण हे नाव आउटलूकमध्ये गेलं की ते त्याचे तीन तुकडे करतं. दत्ता हे नाव, ट्रेलर हे मधलं नाव, पळस्पे हे आडनाव. मग आडनाव आधी लावायच्या त्याच्या सवयीप्रमाणं यादीत ‘पळस्पे, दत्ता ट्रेलर’ असं दिसतं आणि फाट्यावरचे सगळे लोक एकाच घराण्यातले होऊन जातात. आउटलूकच्या सेटिंगमध्ये नाव कसं रचायचं ते बदलता येतं. ते पहिल्या सिंकच्या आधी बदलावं. आणखी एक गोष्ट. आउटलूकमध्ये एका माणसाला ईमेलच्या जागा तीनच. गूगलमध्ये कितीही घालता येतात. पार्टीच्या अकाउंट्स, डिस्पॅच, मालक, गोदाम अशा चार ईमेल एका नावाखाली असतील तर चौथी कुठं जाणार, हा प्रश्न आहेच.

मराठीतून नोंदी करणाऱ्यांनी मागच्या बाजूला काय चालतं ते जाणून घ्यावं, म्हणून थोडं खोलात जातो. युनिकोडच्या सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजायचे. आयकॅलेंडरचा नियम असा की एक ओळ ७५ बाइटपेक्षा लांब नसावी, लांब असेल तर तोडून पुढच्या ओळीवर न्यावी. आता गोव्याच्या रस्त्यावर लागणारी ही नोंद घ्या: ‘गणपतीनिमित्त अवजड वाहनांना बंदी’. शीर्षकाच्या ओळीची सुरुवात ‘समरी’ या इंग्रजी शब्दाच्या सात अक्षरांनी आणि एका अपूर्णविरामानं (:) होते, त्याचे आठ बाइट. ‘गणपतीनिमित्त’ची बारा चिन्हं, छत्तीस बाइट. एक मोकळी जागा, ‘अवजड’चे बारा, पुन्हा एक जागा. इथपर्यंत ५८ झाले. पुढं ‘वाहनांना’ हा शब्द लागतो आणि पंचाहत्तरावा बाइट येतो तो बरोबर ‘नां’वरच्या अनुस्वाराच्या मध्यावर. ज्या सॉफ्टवेअरनं बाइट मोजून डोळे मिटून ओळ तोडली त्यानं अनुस्वाराचे दोन तुकडे या ओळीवर ठेवले, तिसरा खाली टाकला. वाचणाऱ्या सॉफ्टवेअरनं आधी ओळी जोडून मग अक्षरं वाचली तर काही बिघडत नाही. ओळ-ओळ वाचली तर अनुस्वाराच्या जागी काळा चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटतं. प्रमाण लिहिणाऱ्यांना हा धोका दिसला होता. असं घडू शकतं, असा इशारा त्यांनी ‘आरएफसी ५५४५’मध्येच दिला आहे. थोडक्यात, कॅलेंडरात मराठीतलं एखादंच अक्षर बिघडलेलं दिसलं तर दोष तुमच्या टायपिंगचा नसतो.

जुन्या मोबाईलमधून काढलेल्या व्हीसीएफ फाइलमध्ये याहून विचित्र दृश्य दिसतं. व्हीकार्डच्या २.१ या जुन्या रूपात मराठी मजकुराचा प्रत्येक बाइट बरोबरचं चिन्ह आणि दोन अक्षरं अशा तिघांनी लिहितात. ‘दत्ता’ एवढ्या नावाची पाच चिन्हं, पंधरा बाइट, म्हणजे पंचेचाळीस अक्षरांची रांग. फाइल नोटपॅडमध्ये उघडली की ती बिघडली असंच वाटतं. ती शाबूत असते, टाकून देऊ नका. गूगल कॉन्टॅक्ट किंवा थंडरबर्डमध्ये आयात केली की बहुधा नाव नीट उमटतं. खरोखर गेलेलं असतं ते युनिकोड येण्यापूर्वी खास फाँटच्या भरवशावर टाइप केलेलं मराठी. तो फाँट मोबाईलवर नसतो, त्यामुळं तिथं रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. ते आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायला लागतं.

गणपतीची बंदी मुद्दाम घेतली, कारण तिच्यात आणखी एक पेच आहे. गणेशोत्सवाच्या दिवसांत चाकरमान्यांची गर्दी असते म्हणून मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना ठरावीक काळ बंदी घालण्यात येते. पळस्प्याच्या ट्रान्सपोर्टरला ती तारीख आधी ठाऊक असलीच पाहिजे. कॅलेंडरात नोंद ‘दरवर्षी’ अशी लावून ठेवली तर? गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे. आयकॅलेंडरमधले पुनरावृत्तीचे नियम ग्रेगोरियन महिन्यावर आणि वारावर चालतात. ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’ त्यांना कळतो, ‘भाद्रपद शुद्ध चतुर्थी’ कळत नाही. २०१५ मध्ये ‘आरएफसी ७५२९’ आलं, त्याच्या दोन लेखकांपैकी एक पुन्हा डाबूच. त्यातून चिनी, हिब्रू अशा इतर कालगणनांतल्या नोंदी लिहिण्याची सोय झाली. पण तिथं भारताच्या नावानं जी कालगणना उपलब्ध आहे ती सरकारी शक दिनदर्शिका, म्हणजे सौर. चांद्र तिथीचं गणित, क्षयतिथी, चंद्रोदयावर ठरणारी संकष्टी, हे त्या नियमांत बसत नाही. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर लागणारं कालनिर्णय हे काम करतं, कारण तिथं पंचांगकर्त्यांनी प्रत्येक वर्षाचं गणित वेगळं मांडलेलं असतं. डिजिटल कॅलेंडरातही उपाय तोच. सणांची तयार ‘आयसीएस’ वर्गणी लावायची किंवा दरवर्षी तारखा हातानं घालायच्या. वर्गणीचं कॅलेंडर एकतर्फी असतं, त्यात आपल्याला बदल करता येत नाही आणि तिकडचा बदल आपल्याकडं यायला काही तास, कधी दिवसही जातो. बंदीचे नेमके दिवस आणि वेळा सरकारी आदेशानं ठरतात, तेव्हा त्या स्वतःच घातलेल्या बऱ्या.

वेळेच्या पट्ट्याचा घोळ आपल्याकडं कमी होतो, कारण देशभर एकच वेळ आहे आणि घड्याळ मागंपुढं करायची भानगड नाही. तरी सकाळी दहाची नोंद मोबाईलवर दुपारी साडेतीनला दिसली तर समजावं की वेळेचा पट्टा हरवला आणि मोबाईलनं ती लंडनच्या प्रमाणवेळेतली मानली. साडेपाच तासांचा फरक ही त्याची पक्की खूण. दिवसभराच्या नोंदी, विशेषतः वाढदिवस, एक दिवस आधी सरकल्या तर कारण हेच, उलट्या बाजूनं.

आता प्रत्यक्ष जोडणी. मूळ प्रत क्लाउडवर ठेवावी असंच मी सांगेन. पीसी आणि मोबाईल दोन्ही तिच्या प्रती. तो क्लाउड अकाउंट फर्मच्या नावाचा असावा. क्लार्कच्या खासगी जीमेलवर गाड्यांच्या तारखा ठेवल्या आणि तो नोकरी सोडून गेला की कॅलेंडर त्याच्याबरोबर गेलं. फर्मच्या कॅलेंडरात फक्त दोघांना बदलाची परवानगी द्यावी, बाकीच्यांना पाहण्याची. गूगल कॅलेंडरात ही वाटणी प्रत्येक माणसापुरती करता येते, आणि लिहिणारे हात कमी झाले की टकराही कमी होतात.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांचं काम सोपं आहे. कॅलेंडर त्यात २०१५ पासून बरोबरच येतं, कार्डडॅव २०२१ च्या ९१ व्या आवृत्तीपासून आहे. ईमेल पत्ता दिला की बहुधा कॅलेंडर आणि पत्त्यांची वही ते स्वतः शोधून काढतं. गूगल आता बाहेरच्या सॉफ्टवेअरला नुसत्या पासवर्डवर कॅलेंडर उघडू देत नाही. एक खिडकी उघडते, तिथं लॉगिन करून परवानगी द्यायची. आयफोनला कॅलडॅव आणि कार्डडॅव जन्मजात येतं. अँड्रॉइडला गूगलव्यतिरिक्त दुसरा सर्व्हर असेल तर ‘डॅवएक्स५’सारखं ॲप लागतं.

जुन्या पठडीतल्या आउटलूकला कॅलडॅव येत नाही, ही त्याची मोठी उणीव. पैसे भरून गूगल वर्कस्पेस घेतलं असेल तर गूगलचं स्वतःचं सिंक सॉफ्टवेअर मिळतं. साध्या जीमेलसाठी ‘कॅलडॅव सिंक्रोनायझर’ हे फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आहे. व्हिएन्नातल्या एका उपयोजित विज्ञान विद्यापीठात पदव्युत्तर प्रकल्प म्हणून ते सुरू झालं. त्यात दिशा निवडता येते: फक्त आउटलूककडून सर्व्हरकडं, फक्त सर्व्हरकडून आउटलूककडं, किंवा दोन्हीकडं. नवं आउटलूक गूगलचं कॅलेंडर आणि कॉन्टॅक्ट दाखवतं, पण तो डेटा मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून जातो. पार्टींची यादी कुणाच्याच क्लाउडवर नको असेल तर नेक्स्टक्लाउड किंवा त्याहून लहान रॅडिकाली असा आपला सर्व्हर उभारता येतो. मग त्याचा बॅकअप, वीज आणि सुरक्षा यांची जबाबदारीही आपली. दहा गाड्यांच्या ऑफिसानं ती घ्यावी असं मला वाटत नाही. मोठ्या क्लिअरिंग एजंटानं जरूर विचार करावा.

एका नोंदीला दोन रस्ते कधीही देऊ नका. आउटलूकचं एक सिंक गूगलशी, दुसरं आयक्लाउडशी, आणि मोबाईलवर दोन्ही अकाउंट, असं वर्तुळ झालं की नोंद फिरून पुन्हा नव्या खूणनंबरानं परत येते आणि वाढत जाते.

हे सगळं आत्ताच का, तर १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आणि त्याच दिवशी ऑफिस २०१६ व २०१९ चा आधार मायक्रोसॉफ्टनं संपवला. लहान ऑफिसांतले कितीतरी पीसी यामुळं बदलले जात आहेत, आणि पीएसटी फाइल त्या पीसीतच आहे. ती हलवण्याआधी आउटलूक पूर्ण बंद करून फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या डिस्कवर घ्या. कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर वेगळे निर्यात करा. नोंदी किती आहेत ते लिहून ठेवा. क्लाउडवर नवं, रिकामं कॅलेंडर उघडा आणि पहिलं सिंक एकाच दिशेनं चालवा, आउटलूककडून सर्व्हरकडं. आकडा जुळला, पाच-सहा नोंदी मोबाईलवर उघडून वेळ आणि मराठी अक्षरं तपासली, की मगच दुतर्फा करा. मोबाईलवर एक खोटी नोंद घालून ती ऑफिसात येते का पाहा, ऑफिसात पुसून ती मोबाईलवरून जाते का पाहा.

तरीही काही चुकलं तर गूगल कॉन्टॅक्टमध्ये गेल्या ३० दिवसांतल्या हव्या त्या वेळेला होती तशी यादी परत आणता येते. कॅलेंडरातल्या पुसलेल्या नोंदीही साधारण तेवढेच दिवस कचरापेटीत असतात. त्यानंतर जातात त्या गेल्याच. म्हणून जुन्या पीसीची डिस्क निदान दोन महिने तरी कपाटात ठेवा आणि महिन्यातून एकदा कॅलेंडरची आयसीएस आणि कॉन्टॅक्टची व्हीसीएफ काढून, नावात तारीख घालून, सिंकशी संबंध नसलेल्या फोल्डरमध्ये टाका. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइल आहेत. आज ज्या सॉफ्टवेअरमधून काढल्या ते उद्या बंद पडलं तरी दुसरं कुठलंही त्या वाचतं.